नोकरी गेली, अभ्यास चालू आहे

२०२५ मध्ये रमजानचा महिना आणि मार्चअखेर एकाच वेळी आली. २ मार्चला पहिला रोजा झाला. ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि चंद्र दिसेल त्याप्रमाणे ३१ मार्चला किंवा १ एप्रिलला ईद. म्हणजे ज्या दिवशी देशभरातली खातेवही मिटते, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विजापूर वेशीत शिरखुर्म्याचे दूध उकळणार होते. सोलापूरच्या व्यापाऱ्यांसाठी हे दिवस दुहेरी धावपळीचे होते. दुकानात गिऱ्हाईक मावत नव्हते आणि मागच्या खोलीत वर्षभराची बिले जुळत नव्हती.

रमजान हा हिशेबाचाही महिना मानला जातो. ज्याच्यावर जकात लागू आहे, तो वर्षभर जवळ राहिलेल्या संपत्तीची मोजदाद करतो, देणी वजा करतो आणि उरलेल्यातला चाळिसावा हिस्सा काढतो. हे गणित करायलाही वही नीट लागते. पण या शहरात अशीही माणसे होती, ज्यांचा त्या वर्षीचा हिशेब वेगळाच होता. हातातली नोकरी गेली आहे, परीक्षा तोंडावर आहे, आणि दोन्हीपैकी एक तरी वाचवायचे आहे. नई जिंदगी भागातल्या एका सत्तावीस वर्षांच्या मुलीची ही हकीकत. तिच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही.

आधी कागदाने सांगितले

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात ती तीन वर्षे अकाउंटंट होती. पगार सोळा हजार. घरी वडील, आई आणि धाकटा भाऊ. वडिलांनी आयुष्यभर मागावर काम केले. आता पाय साथ देत नाहीत म्हणून ते एका गोदामावर रात्रपाळीची राखण करतात. आई बिड्या वळते. भाऊ बारावीला. घरात नियमित आणि ठरलेल्या तारखेला येणारी रक्कम म्हणजे तिचाच पगार.

कारखान्यात ती बिले लावायची, जीएसटीचे विवरण भरायची आणि महिन्याला कॉस्टिंगचा तक्ता करायची. एक किलो टॉवेलमागे सूत किती, रंगाई किती, वीज किती, मजुरी किती, वाया किती गेले. दिवाळीनंतरच्या तक्त्यात तिला एक गोष्ट खटकू लागली. किलोमागे मिळणारा भाव हा नुसते सूत, रंगाई, वीज आणि मजुरी यांच्या बेरजेपेक्षाही खाली गेला होता. कार्यालयाचे भाडे, व्याज, मॅनेजरचा पगार हे तर त्यात धरलेलेही नव्हते.

गंमत अशी की, हाच धडा ती त्या आठवड्यात वाचत होती. ती सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या अभ्यासक्रमाला आहे. इंटरमीजिएटचा पहिला गट झाला आहे आणि दुसरा जूनमध्ये द्यायचा आहे. त्यातल्या व्यवस्थापकीय लेखांकनाच्या पेपरात शिकवतात की, धंदा तोट्यात असला म्हणून तो लगेच बंद करायचा नसतो. मालामागे होणारा बदलता खर्च निघून वर चार पैसे उरत असतील, तर ते चार पैसे स्थिर खर्चाला तेवढाच हातभार लावतात. पण बदलता खर्चच निघत नसेल, तर प्रत्येक नगामागे तोटा वाढत जातो. मग माग थांबवलेला बरा.

पुस्तकातला तो बिंदू तिला तक्त्यावर दिसला होता. तिने तो मालकांना दाखवलाही. ते म्हणाले, "बेटा, मला दिसतंय. पण एक ऑर्डर येणार आहे." ऑर्डर आली नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर कारखाना बंद झाला.

गिरण्यांचे भोंगे बंद पडल्याच्या आठवणी या शहराला नव्या नाहीत. जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. त्या वेळी एकेका फाटकातून हजारो माणसे बाहेर पडली आणि सगळ्या शहराला ते दिसले. आता वीस-पंचवीस माणसांचा एखादा कारखाना बंद होतो, तेव्हा शेजारच्या शेडलाही दोन दिवसांनी कळते.

चार दिवसांचा डबा

तिने घरी चार दिवस सांगितले नाही. नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघायची आणि अभ्यासिकेत जाऊन बसायची. पुस्तक उघडे असायचे, पण पान उलटायचे नाही. चौथ्या दिवशी आईने डबा उघडला तर भाजी तशीच. आईने काही विचारले नाही. रात्री बिड्यांचे सूप बाजूला सरकवून एवढेच म्हणाली, "काम गया क्या?"

त्यानंतर घरात ज्या चर्चा व्हायच्या त्या झाल्या. मामूंचे मत पडले की, आता परीक्षेचा नाद सोडावा आणि मिळेल ती पूर्णवेळ नोकरी धरावी. भावाने बारावीनंतर कामाला लागण्याची भाषा सुरू केली. एका चांगल्या घरचे स्थळही आले होते. वडील फारसे बोलत नाहीत. ते म्हणाले, "जूनपर्यंत कोणी काही ठरवू नका." घरातला सर्वात मोठा आधार तिला या एका वाक्याचा वाटला.

राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी

कारखाना बंद झाला त्या दिवशी कार्यालयात सर्वांपुढे एक छापील कागद ठेवला गेला. त्यावर राजीनामा लिहिलेला होता. बहुतेकांनी सही केली. तिने केली नाही. सीएमएच्या पहिल्या गटात व्यापारी कायद्याचा पेपर आहे आणि त्यात कामगार कायद्यांची ओळख असते. राजीनामा देणे आणि कामावरून कमी केले जाणे यांत पैशांचा किती फरक पडतो, हे तिला ठाऊक होते.

त्या वेळी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. कारकुनी काम करणाराही त्याच्या व्याख्येत कामगार म्हणून येत असे. सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचे असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. सोळा हजार पगार आणि तीन वर्षे सेवा धरली, तर ही रक्कम साधारण चाळीस हजारांच्या घरात जाते. स्वतःहून राजीनामा दिला की या भरपाईचा हक्क राहत नसे. पाच वर्षे सेवा झाली असती, तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीही मिळाली असती. तिची तीनच वर्षे झाली होती.

तिने मालकांना सांगितले, "शेठ, मी भांडायला आले नाही. पण कागदावर खरं ते लिहा. काम बंद झालं म्हणून सेवा संपली, एवढंच." मालक थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी तसे पत्र दिले. सोबत तीन वर्षांच्या कामाचा दाखलाही दिला. त्यात कॉस्टिंग, जीएसटी आणि ताळेबंद ही कामे तारखांसह लिहिली होती. थकलेला जानेवारीचा पगार मिळाला. फेब्रुवारीचा अर्धा पगार आणि भरपाई उरलेला माल विकल्यावर देऊ, असे ते म्हणाले आहेत. मालकांवर बँकेचे कर्ज आहे. ती त्यांना वाईट म्हणत नाही. पण तिने आपल्या वहीत ती रक्कम येणे म्हणून लिहून ठेवली आहे आणि ईदनंतर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन चौकशी करण्याचे ठरवले आहे. घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी, हे प्रवचनांतून सगळेच ऐकतात. पण ते वसूल करायला शेवटी कागदच लागतो.

आणखी एका गोष्टीची माहिती फार थोड्यांना असते. महिन्याला एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांचा कर्मचारी राज्य विमा कापला जातो. या विम्यात २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. किमान दोन वर्षे विमा असलेल्याची नोकरी त्याच्या दोषाशिवाय गेली, तर सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त नव्वद दिवस मिळू शकत असे. हा लाभ आयुष्यात एकदाच मिळत असे. वर्गणी किती दिवस भरली याच्याही अटी होत्या. तिच्या पगारावर ही रक्कम सगळी मिळून चोवीस हजारांच्या आसपास होते. पण ती ज्या काळात बेकार असेल त्याच काळाची. अर्धवेळ काम धरले की हिशेब बदलतो, हे तिने विम्याच्या कार्यालयात आधी विचारून घेतले. हातात काम असताना बेकारीचा भत्ता मागायचा नाही, असे तिने ठरवले.

भविष्य निर्वाह निधीतले पैसे काढण्याचा सल्ला मात्र सगळ्यांनीच दिला. तिने तो मानला नाही. पाच वर्षे पूर्ण होण्याआधी निधी काढला तर त्यावर कर लागू शकतो. शिवाय खात्याचा क्रमांक कायम राहतो आणि नव्या नोकरीत रक्कम तिकडे वळवता येते. तेव्हा त्याला हात लावायचा नाही.

सीए नाही, सीएमए का?

कॉमर्स झालेल्या मुलामुलींच्या घरी सीएचे नाव सर्वांना माहीत असते. सीएमएचे नाव कमी जणांना. सीएची संस्था १९४९ च्या कायद्याने आणि कॉस्ट अकाउंटंटांची संस्था १९५९ च्या कायद्याने उभी आहे. दोन्हीकडे फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल अशा तीन पायऱ्या आहेत. दोन्हीकडे प्रत्येक पेपरात किमान चाळीस आणि गटात सरासरी पन्नास टक्के लागतात. म्हणजे एका विषयात पंचेचाळीस मिळाले, तर दुसऱ्या विषयाने ते भरून काढावे लागते.

फरक आहे तो प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचा. सीएला दोन वर्षे एखाद्या सीएकडे आर्टिकलशिप करावी लागते. ही मुदत आधी तीन वर्षे होती. त्या काळात विद्यावेतन मिळते, पण दुसरीकडे नोकरी करता येत नाही. ज्याच्या घरात कमावणारे दुसरे कोणी आहे, त्याला हे जमते. सीएमएला पंधरा महिन्यांचे प्रशिक्षण आहे आणि संस्थेच्या नियमांत बसणारे नोकरीतले हिशेबाचे काम त्यात धरले जाऊ शकते. घर चालवत शिकणाऱ्यासाठी हा दरवाजा रुंद आहे. तिने तीन वर्षांपूर्वी सीएमए निवडले ते याच कारणाने. पण म्हणूनच नोकरी जाण्याचा फटकाही दुहेरी बसला. पगार गेला आणि अनुभवाची मोजणीही थांबली. मालकांकडून तारखांसह दाखला मागण्याचे मोल इथे कळते. कारखान्याला कुलूप लागल्यावर वर्षभराने असा दाखला मागायला गेले, तर सही करायला माणूस सापडत नाही.

वहीतली माणसे

काम शोधण्यासाठी तिने आधी सगळे करतात तेच केले. मोबाईलवर अर्ज केले. दोन आठवड्यांत चाळीस अर्ज गेले, तीन फोन आले. त्यातले दोन विमा विकण्याच्या कामाचे होते आणि तिसऱ्याने नोंदणीसाठी दोन हजार रुपये मागितले. नोकरी देणारा कधी पैसे मागत नाही, हे लक्षात ठेवून तिने तो फोन तिथेच ठेवला.

मग तिने एक कोरे पान घेतले आणि कारखान्याच्या खतावणीत ज्यांची खाती होती, त्यांची नावे आठवून लिहिली. सूतवाले, रंगाईवाले, खोकेवाले, ट्रान्सपोर्टवाले. सव्वीस नावे झाली. या सगळ्यांशी ती तीन वर्षे फोनवर बोलत होती. शेवटच्या वर्षात तर तिचे मुख्य काम पैसे मागणाऱ्यांना उत्तर देण्याचेच होते. अशा वेळी अकाउंटंट बहुधा सांगतो की, चेक तयार आहे, सही राहिली आहे. ती असे सांगत नसे. "शेठ, आज खात्यात पैसे नाहीत. पंधरा तारखेला येणं आहे. सोळाला फोन करा, तेव्हा खरं सांगते." सोळाला फोन आला की ती जे असेल ते सांगायची.

साखर पेठेतल्या एका सूतवाल्या शेठना तिने फोन केला. ते लगेच म्हणाले, "तू तीच ना, खरं बोलणारी? माझे चार लाख अडकलेत तुमच्या कारखान्यात. पण तू मला कधी फसवलं नाहीस. ये उद्या."

शेठचे दुखणे वेगळे होते. जीएसटीमध्ये खरेदीवर भरलेला कर परत वजा करून घ्यायचा, तर विकणाऱ्याने आपल्या विवरणात ते बिल दाखवलेले असावे लागते. दर महिन्याला अकरा तारखेपर्यंत विक्रीचे विवरण जाते, चौदा तारखेला खरेदीदाराच्या खात्यात त्याचा उतारा येतो आणि वीस तारखेपर्यंत कर भरायचा असतो. उताऱ्यात जे बिल नाही, त्याची वजावट नाही. शेठकडे दीड वर्षाची अशी न जुळलेली बिले पिशवीत भरून ठेवलेली होती. तिने चार संध्याकाळी बसून ती पुरवठादारांप्रमाणे लावली. कोणी विवरणच भरले नव्हते, कोणी जीएसटी क्रमांकाचा एक आकडा चुकवला होता, तर कोणी बिल दुसऱ्याच्याच नावावर दाखवले होते. प्रत्येकाला फोन गेला. काही बिले जुळली, काहींची मुदत निघून गेली होती. शेठनी महिन्याला साडेतीन हजारांवर हे काम तिला कायमचे लावून दिले आणि शेजारच्या रंगाच्या दुकानालाही सांगितले. तिथले अडीच हजार ठरले.

मार्चमध्ये आणखी एका कामाला मागणी आली. प्राप्तिकर कायद्यात केलेला एक बदल २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाला. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे किंवा सेवा देणाऱ्यांचे बिल करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत चुकते करायचे. मुदत टळली आणि ३१ मार्चलाही ते थकलेले असेल, तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही. प्रत्यक्ष पैसे देऊ तेव्हाच तो धरला जातो. म्हणजे न दिलेल्या पैशांवरही त्या वर्षी कर भरायचा. सोलापूरसारख्या शहरात, जिथे छोटे यंत्रमागवाले उधारीवर माल देतात, तिथे हा नियम दोन्ही बाजूंना लागतो. कोणाचे किती दिवस थकले, त्याची यादी प्रत्येक व्यापाऱ्याला हवी आहे. ती करून देणारी माणसे थोडी आहेत.

तासाचा भाव

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिच्यापुढे तीन पर्याय होते. पुण्यातल्या एका कंपनीत चोवीस हजार. नवी पेठेतल्या एका घाऊक दुकानात बारा हजार, सकाळी दहा ते रात्री नऊ. आणि एका व्यावसायिक कॉस्ट अकाउंटंटच्या कार्यालयात नऊ हजार, अकरा ते पाच. नुसते आकडे पाहिले तर पुणे सरस. मामूंनी तेच सांगितले.

तिने पुन्हा पुस्तकाकडे पाहिले. कॉस्टिंगमध्ये शिकवतात की, जी वस्तू सर्वात तुटपुंजी आहे, तिच्या एका मापामागे काय उरते ते बघून निवड करावी. कारखान्यात ती वस्तू कधी सूत असते, कधी यंत्राचे तास. तिच्याकडे तुटपुंजे काय होते? जूनपर्यंतचे तास.

पुण्यात खोली, मेस आणि प्रवासाचे अकरा हजार वजा केले, तर तेरा हजार उरतात. नऊ तास काम आणि दोन तास येण्याजाण्याचे धरून महिन्याचे २८६ तास लागतात. तासाला पंचेचाळीस रुपये. नवी पेठेत तेवढेच तास आणि बारा हजार, म्हणजे तासाला बेचाळीस. कार्यालयात महिन्याचे १५६ तास आणि नऊ हजार, म्हणजे सुमारे अठ्ठावन्न. सूतवाल्या शेठचे महिन्याला चाळीस तास आणि साडेतीन हजार, म्हणजे सत्त्याऐंशी. रंगाच्या दुकानाचे तीस तास आणि अडीच हजार, म्हणजे त्र्याऐंशी. शेवटची तिन्ही कामे धरली तर २२६ तासांत पंधरा हजार होतात. जुन्या पगारापेक्षा हजार कमी, पण पुण्यापेक्षा दोन हजार जास्त हातात राहतात आणि महिन्याचे साठ तास वाचतात. कॉस्ट अकाउंटंटकडचे काम नियमांत बसले तर प्रशिक्षणातही धरता येईल. त्यासाठी काय कागद लागतील, हे तिने रुजू होण्याआधीच विचारून घेतले.

हे गणित प्रत्येकासाठी असेच येईल असे नाही. पुण्यात पगार लवकर वाढला असता, मोठ्या कंपनीचा अनुभव मिळाला असता आणि निधी, विमा चालू राहिला असता. तुकड्यातुकड्यांच्या कामात आजारपणाची रजाही नाही. ज्याची परीक्षा झालेली आहे, त्याने कदाचित पुणेच निवडावे. तिने निवड केली ती फक्त जूनपर्यंतची.

रुजू होतानाच तिने तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सांगून टाकली. जूनमध्ये परीक्षेचे आठ-दहा दिवस ती येणार नाही. कॉस्ट अकाउंटंट सर म्हणाले, "हे आधी सांगणारी तू पहिलीच. बाकीचे परीक्षेच्या आदल्या दिवशी आजारी पडतात."

जमा, बाकी आणि तफावत

तिचे शिक्षण दहावीपर्यंत उर्दू माध्यमात झाले. कॉलेजात पुस्तके इंग्रजी आणि दुकानातली बिले, चिठ्ठ्या मराठी. पहिल्या वर्षी तिला वाटायचे की, आपण तीन भाषांच्या मध्ये अडकलो. पुढे लक्षात आले की, हिशेबाची मराठी तिला परकी नव्हतीच. जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल, तफावत आणि खुद्द हिशेब, हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी दफ्तरात शतकानुशतके रुळले. घरी आई "बाकी कितना रहा?" असे विचारते आणि शेठ "बाकी किती राहिली?" असे विचारतात. शब्द एकच आहे, उत्तरही एकच द्यायचे असते.

तिच्यासोबत अभ्यास करणारी मैत्रीण पद्मशाली कुटुंबातली. तिच्या घरी तेलुगू बोलतात. दोघी रविवारी एकत्र बसून मागचे पेपर सोडवतात. कंपनी लेखांकन आणि लेखापरीक्षण मैत्रीण समजावते, व्यवस्थापकीय लेखांकन आणि वित्त ही समजावते. एकमेकींना शिकवताना जे अडते, तेवढेच पुन्हा वाचायचे, असा त्यांचा नियम आहे.

रमजानमध्ये तिचे वेळापत्रक उलट चांगले बसले. सहरीसाठी घर पहाटे उठतेच. फजरची नमाज झाली की गल्ली पुन्हा झोपते आणि तिचा अभ्यास सुरू होतो. साडेआठपर्यंत जवळजवळ तीन तास सलग मिळतात. गणिताचे पेपर त्या वेळात, कारण दुपारनंतर रोज्यात डोके आकड्यांना तितकेसे साथ देत नाही. वाचनाचे विषय रात्री. महिन्याच्या चौदा ते वीस तारखेदरम्यान जीएसटीची गर्दी असते, तेव्हा अभ्यास एका तासावर येतो. तो आठवडा तिने वेळापत्रकात आधीच बुडीत धरला आहे. त्यामुळे तो बुडाल्याचे दुःख होत नाही.

दुकानदारांना सांगण्यासारखे

या शहरात अशा मुली आणि मुले पुष्कळ आहेत. कोणी सीएच्या एका गटात अडकलेले, कोणी सीएमएचा अर्धा टप्पा पार केलेले, कोणी कंपनी सेक्रेटरीचे पेपर देणारे. नोकरी गेली की त्यांच्या घरी पहिला प्रश्न परीक्षा सोडण्याचा निघतो. पण ज्याला बिले जुळवता येतात, विवरण भरता येते, थकबाकीची यादी करता येते, त्याची गरज प्रत्येक पेठेत आहे. फक्त दुकानदार पूर्ण दिवसाचा माणूस शोधतो आणि विद्यार्थ्याला अर्धा दिवस हवा असतो. दोन-तीन दुकानांनी मिळून एक हुशार विद्यार्थी धरला, तर दुकानांचे काम वेळेवर होईल आणि त्याची परीक्षाही.

ज्यांनी माणसे कमी केली आहेत, त्यांच्या हातातही काही आहे. भरपाईची रक्कम आज जमत नसेल, पण कामाचा खरा दाखला द्यायला पैसे लागत नाहीत. त्यात कामाचे स्वरूप आणि तारखा नीट लिहिल्या, तर पुढच्या नोकरीला आणि परीक्षेच्या संस्थेला तोच कागद उपयोगी पडतो.

आणि ज्यांची नोकरी गेली आहे, त्यांनी सही करण्यापूर्वी कागद वाचावा. थकलेला पगार तारखेसह लिहून ठेवावा. विम्याच्या आणि निधीच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे. मग आपल्या वहीतली माणसे आठवावीत.

जूनच्या परीक्षेत दुसऱ्या गटाचे चार पेपर आहेत. चारशेपैकी दोनशे गुण हवेत आणि एकाही विषयात चाळीसच्या खाली जायचे नाही. परीक्षेच्या शुल्कासाठी तिने पहिल्या महिन्याच्या पंधरा हजारांतून पैसे बाजूला काढले आहेत. ईदला नवे कपडे भाऊ आणि आईला. स्वतःसाठी तिने मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांचा संच घेतला आणि खर्चाच्या वहीत तो 'ईद' या सदराखाली लिहिला.